दाभोळ खाडीतलं कुजकं लाकूड तपासायला हवं

दाभोळच्या खाडीला ओहोटी लागली की तिवरांच्या मुळांत अडकलेले वाळके ओंडके उघडे पडतात. त्यातला एखादा जुना ओंडका दाबून पाहिला, तर त्याचे पांढरट, ओलसर तंतू सुटे होऊन हातात येतात. जळणाला त्याचा उपयोग नाही, बांधकामाला तर नाहीच. त्यामुळे त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. आता मात्र पाहायला हवं. हे तंतू बुरशीनं मोकळे केलेले असतात आणि ज्या दुखण्यानं वाशिष्ठी नदीच्या मुखाशी मासेमारी करणारे वर्षानुवर्षं त्रासले आहेत, त्यावरच्या उपायाचा एक धागा या बुरशीपाशी सापडण्याजोगा आहे.

लाकूड टणक असतं ते लिग्निनमुळे. कोकणातल्या जुन्या घरांत कुडाची भिंत असे: आत कारवीच्या काठ्या, वरून शेणमातीचं लिंपण. लाकडात सेल्युलोजचे धागे म्हणजे काठ्या आणि लिग्निन म्हणजे लिंपण. सुक्या लाकडाच्या वजनात साधारण 20 ते 30 टक्के लिग्निनच भरतं. ते मोडणं महाकठीण. विकर, म्हणजे एन्झाइम, सहसा एक ठरावीक बंध ओळखतं आणि तेवढाच तोडतं. लिग्निनमध्ये कार्बनची कडी निरनिराळ्या बंधांनी कशीही जोडलेली असतात, त्यात एका साच्याची पुनरावृत्ती नाही. शिवाय रेणू इतका मोठा, की बुरशीच्या पेशीत तो शिरूच शकत नाही. जे काही करायचं ते पेशीच्या बाहेर.

‘श्वेत कूज’ घडवणाऱ्या बुरशा हे काम करतात. अमेरिकेतल्या मॅडिसन इथल्या वन-उत्पादन प्रयोगशाळेत मिंग टीन आणि केंट कर्क यांनी 1983 मध्ये त्यांचं एक हत्यार शोधून काढलं. त्याचं नाव लिग्निन पेरॉक्सिडेज. हे विकर बंध ओळखत बसत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोरावर ते लिग्निनमधून एक इलेक्ट्रॉन हिसकावून घेतं. त्यानं अस्थिर झालेला रेणू मग आपला आपणच तुटत जातो. लागणारं पेरॉक्साइडही बुरशी स्वतःच तयार करते. दुसरं विकर मँगनीजवर काम करतं. मँगनीजचा भारित कण लहान असल्यामुळे विकर पोहोचत नाही अशा लाकडाच्या खोल भागातही तो शिरतो. तिसरं विकर लॅकेज. त्यात तांब्याचे चार अणू असतात, ते हवेतला प्राणवायू वापरतं आणि उरतं ते पाणी. जपानच्या हिकोरोकुरो योशिदा यांना हे लाखवृक्षाच्या चिकात 1883 मध्येच आढळलं होतं.

इतकी खटपट करून बुरशीला लिग्निनमधून पोटाला फारसं काही मिळत नाही. तिला हवं असतं त्याच्याआड दडलेलं सेल्युलोज.

अशा बुरशा कोकणाला अनोळखी नाहीत. फणसाच्या खोडावर येणारा कठीण, तपकिरी फणसोंबा तोंड आल्यावर सहाणेवर उगाळून लावण्याची चाल जुनी आहे. तोही ‘श्वेत कूज’ घडवणाऱ्या बुरशांपैकीच. फणसोंबा घरात होता, पण त्याच्या विकरांचा विचार करावा असं फार कुणाला वाटलं नाही, याची हळहळ वाटते.

आता मुद्द्याचं. लिग्निन मोडण्यासाठी घडलेलं विकर काटेकोर नसतं, म्हणून लिग्निनसारखी कार्बन-कडी असलेल्या इतर रेणूंवरही ते चालतं. अशीच एक बुरशी डीडीटीसारखी चिवट प्रदूषकंही मोडते, हे 1985 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालं. आपल्या शेजारी, गोव्यात दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार खाऱ्या पाण्यात नेला. समुद्री गवताच्या कुजत्या पानांवर मिळालेल्या ‘फ्लॅव्होडॉन फ्लॅव्हस’ या बुरशीनं मळीच्या आसवन्यांतल्या काळ्या सांडपाण्याचा सुमारे 80 टक्के रंग उतरवला. हे संशोधन 2001 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे खारफुटीच्या कुजलेल्या लाकडावरच्या एका बुरशीचं लॅकेज त्यांनी तपासलं आणि रंगीत सांडपाण्यावर वापरून पाहिलं. कारखान्यांच्या सांडपाण्यात क्षार भरपूर असतात आणि अनेक विकरं तिथेच निकामी होतात. भरती-ओहोटीत वाढलेल्या बुरशीला खारेपणाची सवय असते. हा गुण साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला आणि रासायनिक वसाहतींच्या कोकणाला किती मोलाचा आहे, हे वेगळं सांगायला नको.

दाभोळच्या खाडीत लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी करंबवण्याजवळ नळानं सोडलं जातं. मेलेले मासे तरंगत असल्याच्या तक्रारी खाडीकाठच्या मच्छीमारांनी वारंवार केल्या आहेत. चौकशी होते, नमुने घेतले जातात, आणि पुढच्या वेळी तेच. ज्या खाडीत हे पाणी येतं त्याच खाडीच्या काठी, खारं पाणी पचवून लाकूड मोडणाऱ्या बुरशा राहत असणार. त्यांचा शोध इथेच घ्यावा, ही मागणी अवास्तव नाही.

बुरशीचं नाव पुढे करून कारखान्यांना सूट मिळता कामा नये. जड धातूंचा नाश कुठलंही विकर करू शकत नाही. रंग उतरला तरी विष उतरलेलं असेलच असं नाही. अर्धवट मोडलेले रेणू कधी मूळ रसायनापेक्षा घातक निघतात. म्हणून प्रत्येक चाचणी माशांच्या पिल्लांवर झाली पाहिजे. शिवाय प्रयोगशाळेच्या निर्जंतुक चंबूत जोमानं वाढणारी बुरशी उघड्या टाकीत जिवाणूंपुढे हरते, हा जगभरचा अनुभव आहे. बुरशी नळाच्या तोंडाशी सोडायची नाही. कारखान्याच्या आवारातच, सामायिक प्रक्रिया केंद्रात पाणी पोहोचण्याआधी, तिची विकरं वापरून पाहायची.

कामाला लागणारी माणसं आणि संस्था जवळ आहेत. दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशांचा राष्ट्रीय संग्रह आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानं कांदळवनाची तोड रोखली. राज्याच्या कांदळवन कक्षानं त्याच्या पुढे जाऊन पडलेलं लाकूडही जागच्या जागी कुजू द्यावं आणि नमुने घेण्याची परवानगी अभ्यासकांना लवकर द्यावी. नमुना कुठल्या गावच्या कुठल्या झाडावरून उचलला, याची नोंद गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत आधी व्हावी आणि मगच तो पुण्याला जावा. उद्या त्या बुरशीच्या विकरावर कुणी उद्योग उभा केला, तर 2002 च्या जैवविविधता कायद्याचा आधार घेऊन लाभातला वाटा मागताना खाडीकाठच्या गावांच्या हाती लेखी पुरावा असेल.