रानालगतची वस्ती आणि रात्रीचे आवाज

रानालगत वस्ती करून राहणाऱ्या शेतकरी कुटुंबाला दिवसाचे रान परिचयाचे असते. रात्रीचे रान मात्र परके वाटते. दिवे मालवल्यावर ओढ्याच्या काठावरून एखादी किंकाळी आली की घरातील बोलणे थांबते. म्हातारी माणसे देवाचे नाव घेतात, मुले पांघरुणात शिरतात आणि दुसऱ्या दिवशी पारावर त्या आवाजाची चर्चा होऊन त्याला कोणते तरी नाव मिळते. बहुधा ते नाव प्राण्याचे नसते. अपशकुनाचे, हडळीचे किंवा मरणाचे असते. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्यामुळे शेतीचे नुकसान होते, आजारी माणसाच्या उपचाराला उशीर होतो आणि खरा धोका जवळ आला असता तो ओळखता येत नाही. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाणे व खते यांच्या माहितीबरोबरच रात्रीच्या आवाजांची ओळखही शेतकऱ्यांना करून द्यावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

हे मत बनण्यास एक प्रसंग कारण झाला. विस्तारकार्यात मी नवीन असताना घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत माझे जाणे-येणे असे. तेथील एका घराच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाच्या जोडीने बिऱ्हाड केले होते. घरातील पाच-सहा वर्षांच्या मुलाला ताप भरला आणि त्याच सुमारास माळ्यावरून कापड टराटरा फाडल्यासारखी किंकाळी व पाठोपाठ कोणी घोरत असल्यासारखा आवाज येऊ लागला. मरण दाराशी आले, असे घरच्यांनी ठरविले. दोन दिवस अंगारे-धुपारे करण्यात गेले. तिसऱ्या दिवशी मूल गळून गेले, तेव्हा त्याला दवाखान्यात नेले. हिवताप निघाला. औषधाने मूल बरे झाले; परंतु तोवर इकडे घुबडाची पिल्ले काठीने मारून टाकण्यात आली होती. घोरण्याचा आवाज त्या पिल्लांचाच होता. भुकेली पिल्ले आईबापांकडे खाणे मागत होती. पुढच्या वर्षी त्याच घरची माणसे उंदरांची तक्रार घेऊन माझ्याकडे औषध मागण्यास आली. मुलाच्या आजारपणात मी त्या घरी जाऊन तो आवाज ऐकला होता. पण तो कशाचा, हे मला सांगता आले नव्हते. त्या अज्ञानाचा दोष घरच्यांइतकाच माझाही होता, असे मला आजही वाटते.

गव्हाणी घुबडाचा मुख्य आहार उंदीर व घुशी हा होय. हे कोणी केवळ ऐकून मान्य करावे, अशी अपेक्षा नाही. ते डोळ्यांनी पाहता येते. घुबड आपले भक्ष्य सहसा सगळेच गिळते आणि न पचलेली हाडे व केस गोळीच्या रूपाने तोंडावाटे टाकून देते. ज्या झाडाखाली किंवा पडक्या भिंतीखाली अशा करड्या गोळ्या पडलेल्या असतील, तेथून दोन-चार उचलून आणाव्यात, पाण्यात भिजवून शाळेतील मुलांसमोर फोडाव्यात. आत उंदरांच्या कवट्या व दात स्पष्ट दिसतात. असे एक प्रात्यक्षिक दहा व्याख्यानांचे काम करते. मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांत याच घुबडासाठी लाकडी पेट्या उभारून उंदरांचा बंदोबस्त करतात. आपल्याकडे हा चाकर पेटीशिवाय व पगाराशिवाय येऊन राहतो आणि आपण त्याला दगड मारतो. घुबडे मारणे किंवा पकडणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, हेही लोकांना सांगितले पाहिजे.

पिंगळा आकाराने लहान. तिन्हीसांजेस दोन-तीन पिंगळे एकदम कलकलाट करू लागतात, तेव्हा कोणी भांडत असल्याचा भास होतो. त्याच्या बोलण्यावरून भविष्य सांगण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे; पण त्याचा खरा विषय किडे, नाकतोडे आणि लहान उंदीर हाच असतो. जुन्या आमराईत किंवा वडा-चिंचेवर राहणारे आणखी एक मोठे, चितकबरे घुबड आहे. त्याची कापरी, घुमणारी हाक अंधारात एकट्या माणसाने ऐकली तर कोणी विकट हसत आहे असेच त्याला वाटावे. पुष्कळ ठिकाणी हे हसणे तरसाच्या नावावर जमा होते. वास्तविक मोठ्याने हसणारा म्हणून प्रसिद्ध असलेला तरस आफ्रिकेतील ठिपक्यांचा होय. आपल्याकडील पट्ट्यांचा तरस फारच कमी आवाज करतो. मेलेल्या जनावरांची हाडे फोडून खाणारा तो रानाचा झाडूवाला आहे.

कोल्ह्याची कुई सर्वांच्या ओळखीची असते. एकाने सूर लावला की रानातील बाकीचे त्याला साथ देतात. परस्परांना आपला ठावठिकाणा कळविणे हा त्याचा हेतू असतो. परंतु हाच कोल्हा कधी कधी एकट्याने, भेदरल्यासारखा, एकच लांब व विचित्र हाक पुनःपुन्हा देतो. तेव्हा ‘भालू ओरडली’ असे म्हणतात आणि गावात कोणाचा तरी मृत्यू होणार, अशी समजूत करून घेतात. भालू हे निराळे जनावर नव्हे. तो कोल्हाच होय. वाघ किंवा बिबट्या जवळपास असला म्हणजे कोल्हा अशी हाक देतो, असे जुन्या शिकाऱ्यांचे निरीक्षण आहे. म्हणजे ज्या हाकेला आपण शाप समजतो, ती बहुधा सूचना असते.

हीच गोष्ट इतर आवाजांची. टिटवी ओरडली की अशुभ मानतात. टिटवीचे घरटे उघड्या जमिनीवर असते. त्यामुळे माणूस, कुत्रा, मुंगूस किंवा बिबट्या, कोणीही जवळून गेले की ती रात्रीसुद्धा आरडाओरडा करून उठते. डोंगराच्या बाजूस कुत्र्यासारखे, पण थांबून थांबून आणि पुष्कळ वेळ भुंकणे ऐकू आले, तर ते बहुधा भेकर असते. झाडावर झोपलेली वानरे खोकल्यासारखा ‘खक्‌-खक्‌’ आवाज एकदम करू लागली, सांबराने खणखणीत ‘ढांक’ अशी एकच हाक दिली, मोर अवेळी केकाटले, तर त्यांनी काहीतरी पाहिले आहे असे समजावे. लहान मूल रडत असल्याचा जो आवाज रात्री येतो, तो पुष्कळदा माजावर आलेल्या मांजरांचा असतो.

आता ज्या जनावराची आज सर्वांत अधिक भीती आहे, त्या बिबट्याविषयी. बिबट्याची डरकाळी सिंहासारखी नसते. आडवी करवत लाकडावर पुढे-मागे ओढावी, तसा खरखरीत आवाज तो एकामागून एक कित्येक वेळा काढतो. ज्याने एकदा ऐकला, तो विसरत नाही. परंतु येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. हा आवाज दुसऱ्या बिबट्यासाठी असतो. ही हद्द माझी आहे, किंवा मी जोडीदार शोधीत आहे, इतकेच तो सांगतो. शिकारीवर निघालेला बिबट्या मुळीच आवाज करीत नाही. म्हणून करवतीचा आवाज आला नाही, यावरून बिबट्या नाही असा अर्थ काढणे धोक्याचे आहे. तो मुकाट्याने येतो आणि त्याची वर्दी दुसरे देतात. ती वर्दी देणारे टिटवी, वानर, भेकर व कोल्हा हेच आपल्या अपशकुनाच्या यादीत आहेत. आपल्या पहारेकऱ्यांनाच आपण चोर ठरविले आहे.

बिबट्या आता केवळ जंगलाचा राहिलेला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, बागायती शेतीच्या दाट वस्तीच्या भागात स्वयंचलित कॅमेरे लावून झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे आणि जवळजवळ तितकेच तरस आढळून आले. उसाच्या फडात बिबट्याला आडोसा, पाणी आणि वस्तीवरील कुत्री-शेळ्यांच्या रूपाने खाणे मिळते. हे सहजीवन नेहमीच शांततेचे असते असे नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले व वृद्ध माणसे बळी पडली. ज्या घरावर असा आघात झाला, त्या घराला घुबडाचे उपयोग सांगत बसणे शोभणार नाही, हे मी जाणतो.

येथे कोणी विचारतील, आवाज ओळखून बिबट्या थोडाच अडणार आहे? हा प्रश्न रास्त आहे. केवळ कान तयार करून कोणाचा जीव वाचेल, असे मी म्हणत नाही. रात्रीच्या विजेमुळे शेतकऱ्याला अंधारात दारे धरावयास जावे लागते, तोवर त्याचा धोका कायम राहणार. बिबट्यांच्या भागात शेतीला दिवसा वीज मिळणे ही सोय नसून संरक्षण आहे. गोठा चारही बाजूंनी व वरूनही बंद असणे, अंगणात दिवा असणे, घरात शौचालय असून त्याचा वापर होणे, अंधार पडल्यावर लहान मुलाला एकटे न सोडणे, या गोष्टींना पर्याय नाही. पण ही सर्व व्यवस्था होईपर्यंत माणसाला रात्री बाहेर पडावेच लागते. अशा वेळी टिटवी ओरडली म्हणून कपाळाला हात लावणारा शेतकरी आणि टिटवी ओरडली म्हणून बॅटरीचा झोत त्या दिशेला टाकून, मोठ्याने बोलत, सोबत्याजवळ सरकणारा शेतकरी, या दोघांपैकी कोण अधिक सुरक्षित, हे सांगावयास नको.

एकाच साक्षीवर निकाल देऊ नये, हेही खरे. टिटवी कुत्र्याला पाहूनही ओरडते. परंतु टिटवी उठली, मग वानरे खोकली, आणि तो गलबला एका दिशेने पुढे सरकू लागला, किंवा वस्तीवरील कुत्री भुंकता भुंकता एकदम दाराशी येऊन गप्प बसली, तर शेतात जाण्याचा विचार त्या रात्रीपुरता सोडावा. वाकून किंवा बसून काम करू नये. वाकलेला माणूस जनावराला लहान दिसतो. ठसे दिसल्यास त्यावर पाटी पालथी घालून वनरक्षकास कळवावे. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ हा आहे. ऊसतोडीत बछडे सापडल्यास त्यांना हात लावू नये, गर्दी करू नये. मादी परत येते, आणि बछडे न मिळाल्यास तिचा संताप गावाला महाग पडतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी विनंती अशी की, आपण प्रथम स्वतः ऐकावयास शिकावे. गावातील गुराखी, मेंढपाळ, ठाकर-महादेव कोळी बांधव यांना हे आवाज पुस्तकांपेक्षा अधिक चांगले ठाऊक असतात. त्यांना सभेत मानाने बोलवावे. भ्रमणध्वनीवर आवाज टिपून तो वनरक्षकाला ऐकवावा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी पारावर सांगावे. जो आवाज कशाचा ते कळले नाही, तो कळला नाही असे मोकळेपणाने म्हणावे. त्याला भुताचे नाव देण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. आणि ताप आलेल्या मुलाच्या घरावर घुबड ओरडले, तर पहिले काम एकच : मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचवावे. घुबडाची ओळख नंतर करून देता येईल.

रान आपल्या शेजारी आहे आणि ते रात्री बोलणारच. शेजाऱ्याची भाषा न कळल्याने जे नुकसान व्हायचे, ते आपण पुष्कळ सोसले. ती भाषा शिकावयास पैसा लागत नाही. येत्या पंधरवड्यात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील निदान पाच आवाज तरी ओळखून घ्यावेत, एवढीच अपेक्षा आहे.