कपाटातले दाते

जुन्या वस्तू जमवणाऱ्या माणसांविषयी माझ्या मनात एके काळी आदर होता. हल्ली त्यांच्या कपाटांची कुलपं फोडावीशी वाटतात.

सगळ्यांच्या नव्हे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत, दिवे आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. अडकित्ता पन्नास वर्षं काचेमागे राहिला म्हणून जगातली सुपारी काही अडून राहिलेली नाही. माझं भांडण आहे ते रेडिओवर चालणाऱ्या जुन्या खेळण्यातल्या मोटारींचे गिअरबॉक्स जमवणाऱ्यांशी. 'असलं काही जमवणारी माणसं असतात?' असं तुम्ही विचाराल. आमच्या हिनंही विचारलं होतं. असतात. मी स्वतः त्यांतलाच. आमच्या घरी बडीशेपेच्या डबीत बडीशेप सापडेल याची खात्री नाही आणि चकलीच्या सोऱ्याशेजारी एक जपानी डिफरन्शियल गेली सहा वर्षं सुखानं नांदतं आहे. तेव्हा हे घरातलंच भांडण आहे आणि घरातलं भांडण नेहमीच जास्त मनापासून होतं.

थोडा इतिहास सांगतो. जपानातल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीनं १९७६ साली रेडिओवर चालणारी पहिली मोटार काढली, पोर्शे ९३४. मग १९८४ साली 'ग्रासहॉपर' आणि 'हॉर्नेट' आल्या, म्हणजे टोळ आणि गांधीलमाशी. त्याच साली अमेरिकेत सोनेरी चासीची 'आरसी-१०' आली. एवढी देखणी गाडी काढायची आणि तिला एसटीच्या फलाटासारखं नाव द्यायचं, हे अमेरिकनांनाच सुचतं. त्या काळी आपल्याकडे असली चीज यायची ती आखातातल्या नाहीतर अमेरिकेतल्या मामाच्या बॅगेतून. ज्याला असा मामा नव्हता त्यानं दुसऱ्याच्या गॅलरीखाली उभं राहून बघायचं. मी बराच काळ बघणाऱ्यांत होतो.

या गाड्यांची खरी गंमत अशी की त्या तयार मिळायच्या नाहीत. पेटीत सुटे भाग आणि एक पुस्तिका. दहा-बारा वर्षांच्या पोरानं दाते एकमेकांत बसवायचे, ग्रीस लावायचं, स्क्रू पिळायचे. आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानांवरच बहुधा गिअरबॉक्स असायचा. मोटर मिनिटाला पंधरा हजारांच्या आसपास फिरते. ती तशीच चाकाला जोडली तर गाडी जागेवर थरथरत बसेल. वेग कमी करून जोर वाढवायचा हे दात्यांचं काम. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, ते डिफरन्शियलचं. शाळेच्या संचलनात रांग वळताना आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाचा बिचारा धावत सुटतो, तसंच. बैलगाडीला हा प्रश्न पडला नाही, कारण तिची दोन्ही चाकं आपापल्या मर्जीनं फिरतात. हे सगळं ज्या पोरानं स्वतःच्या बोटांनी जुळवलं, त्याला पुढं कुणी यंत्राची भीती घालू शकत नाही.

आणि आता त्या पेट्यांचं काय झालंय? मध्ये मी एका संग्राहकाकडे गेलो होतो. गाव सांगत नाही. पण त्यांनी 'चहा घेणार का?' हे अशा बेतानं विचारलं की गाव तुमच्या लक्षात यावं. खोलीभर काचेची कपाटं, आत मंद दिवे. गाभाऱ्यात असतात तसे.

"हा बघा," ते कुजबुजले, "हॉटशॉटचा मागचा गिअरबॉक्स. पंच्याऐंशी सालचा."

मी हात पुढे केला.

"अंहं! लांबूनच हं. एकदाही फिरलेला नाही तो." मुलीच्या स्थळाविषयी बोलावं तशा अभिमानानं ते म्हणाले.

"म्हणजे चालतो की नाही, हे तुम्हालाच ठाऊक नाही?"

"अहो, चालवायचा कशाला? किंमत उतरेल ना!"

या वाक्यावर माझं आणि त्यांचं बिनसलं, ते आजतागायत. फिरलेला नाही तो गिअरबॉक्स नव्हेच. तो गिअरबॉक्सचा फोटो. आणि हॉटशॉटचा गिअरबॉक्स! ज्याला चासीचाच एक भाग करून ठेवल्यामुळे एक दाता बघायचा तर निम्मी गाडी उलगडावी लागते, ज्यानं जगभरच्या बापांच्या आणि पोरांच्या रविवारच्या दुपारी खाल्ल्या, त्या उपद्व्यापी यंत्राला पडद्यातल्या बाईसारखं बसवून ठेवायचं?

मी एकलहऱ्याला वीज केंद्रात आयुष्य काढलं. १४० मेगावॉटचे पहिले दोन संच १९७० आणि ७१ साली इथं सुरू झाले, ते आता बंद आहेत. २१० मेगावॉटचे तीन १९७९ ते ८१ या काळातले. टरबाईन थांबवलं की आम्ही काय करतो, ठाऊक आहे? थांबू देत नाही. वाफ बंद झाल्यावरही तो तापलेला शाफ्ट एका लहान मोटरनं, दात्यांच्या जोरावर, अगदी हळूहळू फिरवत ठेवतात. तासन् तास. कारण तो उभा राहिला तर वरची बाजू गरम, खालची त्या मानानं गार, आणि एवढा अजस्र पोलादी दांडा कमानीसारखा वाकतो. लहान मोटरला वीज मिळाली नाही तर माणसांनी हातानं फिरवायचा, पण फिरवायचा. ज्यानं रात्रपाळीला हे काम केलंय त्याला कपाटातल्या यंत्राची महती सांगायला जाऊ नये.

खेळण्यातला शाफ्ट तापून वाकत नाही, हे मलाही कळतं. पण बसून बिघडण्याच्या त्याच्याही आपल्या तऱ्हा आहेत. ग्रीस सुकून गुळाच्या ढेपेसारखं होतं. टायर एकाच अंगावर उभे राहून चपटे होतात, रबर तडकतं. बॉल डिफरन्शियलची तर फारच दैना. हे सेसिल शूमाकर नावाच्या इंग्रज गृहस्थांचं डोकं. (शर्यतीतले मायकेल वेगळे, पण हेही आधी कॉसवर्थमध्ये शर्यतीच्या मोटारींचे गिअरबॉक्सच आखत होते.) त्यात दातेच नाहीत. दोन तबकड्यांच्या मध्ये बारीक पोलादी गोळ्या, आणि एका स्क्रूनं आवळायचं. जास्त आवळलं तर गाडी वळायला कुरकुरते, ढिलं ठेवलं तर नुसती घसरते. मधला बिंदू कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नाही, तो बोटांना कळतो. कपाटात ठेवलेल्या डिफरन्शियलच्या मालकाला तो कधी कळणार? त्याच्या बोटांना फक्त किल्लीच ठाऊक.

'पण वापरलं की झिजतं, आणि जुने भाग संपत चाललेत,' हा त्यांचा युक्तिवाद. तो खोटा नाही. ऐंशीच्या दशकातला नायलॉनचा दाता तुटला तर त्या दशकातला दुसरा आणता येत नाही. पण तामियानं हॉर्नेट २००४ साली पुन्हा बाजारात आणली, ग्रासहॉपर २००५ साली, हॉटशॉट २००७ साली. भाग नव्यानं मिळू लागले. या लोकांना आनंद व्हायला हवा होता. झालं भलतंच. 'नव्या साच्यातला माल' म्हणताना त्यांचं नाक असं वर जातं, की पूर्वी पंगत वेगळी मांडणारे लोक आठवावेत. म्हणजे चिंता भाग संपण्याची नव्हतीच. ते इतरांना मिळू नयेत एवढीच होती.

शिवाय काही गोष्टी घरीही करता येतात. अंबड-सातपूरच्या पट्ट्यात लेथवर बसणारी माणसं आहेत. तुटका दाता दाखवला की आधी हसतात, मग चष्मा लावतात. फक्त एक सांभाळायचं. जपानी दाते मॉड्यूलमध्ये मोजतात, अमेरिकन पिचमध्ये. ४८ पिचचा पिनियन ०.६ मॉड्यूलच्या गिअरशेजारी ठेवला तर डोळ्यांना पत्रिका जुळल्यासारखी वाटते. लग्न लावलं की पहिल्याच मैदानात एकमेकांना खातात. आणि दोन दात्यांमध्ये किती सैल ठेवायचं, त्याला परदेशी हत्यार लागत नाही. वर्तमानपत्राचा कपटा मध्ये घालायचा, आवळायचं, कपटा ओढून काढायचा. अग्रलेखाचा कागद यासाठी उत्तम.

आमच्या वसाहतीतल्या मैदानावर मी संध्याकाळी माझा चाळीस वर्षांचा टोळ उडवतो. मागचा आस एकसंध, त्यामुळे खड्ड्यात एक चाक गेलं की दुसरंही उडी मारतं. नाव टोळ का ठेवलं ते तिथं कळतं, काचेमागे नाही. काळ्या मातीचा फुफाटा दात्यांत जातो, मी शिव्या देत पुसतो. मध्ये त्याचा एक दाता तुटला, तर शेजारची सातवीतली पोरगी म्हणाली, "आजोबा, मी उघडू का?" तिनं उघडला. एक वॉशर उरला. कुठला ते शोधायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या, आणि त्या दोन संध्याकाळी तिच्या आईला तिच्यासाठी मोबाईल लपवून ठेवावा लागला नाही. डिफरन्शियल म्हणजे काय, ते आता ती मला समजावते, तेही संचलनाचं उदाहरण न देता, थेट हातात धरून. असं कपाट कुणाकडे असेल तर दाखवा.

तेव्हा त्या मंद दिव्यांच्या गृहस्थांना माझा जाहीर निरोप आहे. तुमचा हॉटशॉट घेऊन या. नाशिकरोडला उतरा, तिथं एकलहऱ्याची रिक्षा मिळेल. चिमण्यांच्या रोखानं सरळ या. रस्ता विचारावा लागत नाही. ग्रीस, पाने, स्क्रूड्रायव्हर सगळं माझ्याकडे आहे. चहाही मिळेल, आणि तो घेणार का असं कुणी विचारणार नाही. फक्त गिअरबॉक्स त्या पोरीच्या हातात द्यावा लागेल, आणि उरलेला वॉशर मोजून घेण्याची जबाबदारी तुमची.