आईच्या आठवणींचे पाठभेद

आमच्या आईने पानशेतचा पूर पाहिला होता. १२ जुलै १९६१ ला ती बारा वर्षांची होती, नारायण पेठेत राहत होती. गेल्या वर्षी ती गेली. त्याआधी तिच्या आठवणी मी पुण्यात आणि धाकट्या बहिणीने नाशकात एकाच फाइलमध्ये टिपल्या. आमचे दोन्ही संगणक इंटरनेटवरून आपोआप जुळतात. परवा फाइल उघडली तर बहिणीने लिहिलेली चार पाने गायब!

चूक माझीच. तिच्याकडे दोन दिवस इंटरनेट बंद होते. तेवढ्यात दोघांनीही एकाच जुन्या प्रतीत भर घातली. प्रोग्रामला शेवटची जुळलेली प्रत ठाऊक असते. एकीकडेच बदल झाला असेल तर तो दुसरीकडे उतरवून तो मोकळा होतो. दोन्हीकडे झाला तर मात्र शहाणा प्रोग्राम दोन्ही प्रती ठेवतो आणि एकीच्या नावाला शेपूट जोडतो. हा पसारा नको म्हणून मी 'नवी ती खरी' असा पर्याय निवडून ठेवला होता. माझी प्रत रात्री उशिराची, म्हणून तीच खरी ठरली!

आपल्या पुण्यातच भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. १९२५ पासून सुकथनकरांनी ते काम हाती घेतले. चौकटी आखलेल्या कागदांवर अक्षर अक्षर ताडून पाहिले जाई. नवी पोथी म्हणून ती खरी, असे कुणी मानले नाही. निवडलेला पाठ वर, बाकीचे खाली तळटीपेत. जिथे खात्री नाही तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे, ही कथासुद्धा मुख्य संहितेबाहेर गेली. (गणपतीच्या पुण्यात हे करायला छाती लागते!) पण ती फेकली नाही, परिशिष्टात छापली.

आमची फाइल म्हणजे महाभारत नव्हे. तरी घरोघरच्या अशा फायलींसाठी मी म्हणेन की तो 'नवी ती खरी' पर्याय आजच बंद करा. शेपूटवाली प्रत दिसली की कचरा समजून पुसू नका. दोन्ही शेजारी उघडून वाचा. तारखेवरही विसंबू नका, संगणकाचे घड्याळ चुकते. कुणी, कधी लिहिले ते मजकुरातच नोंदवा.

नशिबाने जुन्या आवृत्त्या काही दिवस साठवल्या जात होत्या, म्हणून बहिणीची पाने परत मिळाली. माझ्या प्रतीत आजी दागिन्यांचा डबा घेऊन बाहेर पडली. बहिणीच्या प्रतीत दुधाचे पातेले घेऊन. दोन्ही आईनेच सांगितलेले. मी डबा वर ठेवला आणि खाली टीप दिली : 'दुधाचे पातेले – नाशिक प्रत.'

रात्री बहिणीचा फोन. "दादा, माझं पातेलं खाली का?"

आता तिने स्वतःची वेगळी प्रत केली आहे. तिच्यात डबा तळटीपेत आहे.