राबणं म्हणजे व्यायाम नव्हे



तालमीचा विषय काढला की आपल्यात उत्तर ठरलेलं असतं, "दिवसभर रानात राबतोय, आणखी कसला व्यायाम?" मीही पुष्कळ वर्षे हेच म्हणत होतो. पन्नाशीत खताचं पोतं उचलताना कंबर धरली, तेव्हा विचार सुरू झाला.

ऊसतोडणीचा गडी बघा. हंगामभर एकाच हाताने कोयता, डोक्यावर मोळी. एवढे कष्ट करून त्याचं अंग भरत नाही, झिजतं. कारण ताण एकाच बाजूला आणि विसावा नाही. तालमीतली मेहनत वेगळी. जोराने छाती-खांदे, बैठकीने मांड्या, हौद्यातली माती फावड्याने उकरून पाठ. आणि ओझं बेताबेताने वाढवायचं. रोज त्याच शंभर बैठका मारल्या तर दम वाढतो, ताकद फारशी नाही. उसाला खत हप्त्याहप्त्यानं देतो, एकदम ओतत नाही, तसंच हे. अंग भरतं ते विश्रांतीत, हेही ध्यानात असावं.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात लढले आणि कांस्यपदक घेऊन आले. साखरेच्या पोत्याहून जेमतेम सात किलो जड गडी! स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पण हे फक्त पैलवानांचं काम नाही. कबड्डीच्या पोरांच्या गुडघ्याला आधार मांडीचाच. वय वाढेल तसे स्नायू आणि हाडं झिजतात, बायकांची हाडं तर जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. मधुमेहवाल्यांनाही उपयोग होतो, कारण राबता स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. (आपली साखर गोडाऊनातच बरी.) ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

आता स्पष्ट बोलतो. आमच्या गावच्या तालमीत आज खताची पोती आहेत, आणि यात्रेच्या मैदानाला इनामं लाखाची! बाहेरचा पैलवान येतो, इनाम घेऊन जातो, आपली पोरं टाळ्या वाजवतात. एक मोठी जोड कमी केली तर तालमीचं छप्पर होईल आणि वस्तादाचा वर्षाचा पगारही बराचसा भागेल.

येत्या वार्षिक सभेसाठी हा विषय मी लेखी देणार आहे. कारखान्याने दर गटात एक तरी तालीम चालू करायला मदत करावी आणि सकाळची एक वेळ बायका-मुलींसाठी राखावी. ज्यांना पटेल त्यांनी गट ऑफिसात अर्जावर सही करावी. ज्यांना पटत नसेल त्यांनीही सभेला यावं आणि समोर बोलावं.

— एक ऊस उत्पादक सभासद