अब्बा-अम्मींचा पासपोर्ट आधी पाहा

अमेरिकेत स्थायिक झालेली मुले आई-वडिलांना बोलावून घेतात आणि हौसेने अलास्काच्या क्रूझवर नेतात. जहाज स्कॅगवे बंदरात काही तास थांबते. तेवढ्यात गाडी भाड्याने घ्यायची, क्लोंडाइक महामार्गाने व्हाइट पासचा घाट चढायचा आणि एमराल्ड सरोवर पाहून परतायचे, असा बेत ठरतो. रस्ता खरोखर देखणा आहे. पण ते सरोवर कॅनडातल्या युकॉनमध्ये आहे, बंदरापासून सुमारे १२० किलोमीटरवर.

अमेरिकन पासपोर्ट असलेल्या मुलांना अडचण नसते. अब्बा-अम्मींच्या भारतीय पासपोर्टला मात्र कॅनडाचा व्हिसा लागतो. हे आयत्या वेळी लक्षात येते आणि त्यांना सांगितले जाते, "तुम्ही बंदरावरच फिरा." ज्यांच्यासाठी सहल, तेच मागे!

माझे मत असे की, ज्याची कागदपत्रे सर्वांत अपुरी, त्याच्यापासून बेत आखावा. व्हिसा नसेल तर सरहद्दीच्या अलीकडूनच वळा. घाटातले पिचफोर्क आणि ब्रायडल व्हेल हे धबधबे अमेरिकेच्या हद्दीतच आहेत. पासपोर्ट तरीही जवळ ठेवा, कारण उतरताना अमेरिकेचा तपासणी नाका लागतो.

व्हिसा असेल तर जरूर पुढे जा, पण घड्याळ जहाजाचेच पाळा. उन्हाळ्यात युकॉनची वेळ अलास्कापेक्षा एक तास पुढे असते आणि स्वतःच्या बेताने गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही.

सरोवर राहिले तरी चालेल. अम्मी गाडीत हवी.