दम मोठा की डाव?

आमच्या असोद्याच्या शाळेत गेल्या सोमवारी गणिताचा तास झालाच नाही. कारण? कुस्ती!

आदल्या दिवशी शेजारच्या गावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल होती. आमच्या चौथीतला एक मुलगा नारळावरच्या दोन कुस्त्या जिंकला आणि तिसरी हरला. झालं! सोमवारी वर्गात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, "बाई, दमच नही त डाव काय कामाचा?" दुसरा म्हणाला, "नुसता दम असून काय? बैलालाही दम असतो!" मी म्हटलं, "चला, वादविवादच करू. पण पुराव्यानिशी बोलायचं हं!"

दमवाल्यांनी आपल्या जळगाव जिल्ह्यातले पैलवान पुढे केले. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी! 2014, 2015 आणि 2016 अशा लागोपाठ तीन स्पर्धांत त्यांनी 'महाराष्ट्र केसरी'ची गदा जिंकली. एकदा जिंकणं वेगळं, पण तीन वेळा टिकायचं तर रोजचा व्यायाम हवाच की नाही?

डाववाले म्हणाले, "मॅटवरचे नियम तरी बघा!" तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये फक्त 30 सेकंद विश्रांती. पट काढून समोरच्याला खाली घेतलं आणि ताबा मिळवला की 2 गुण. रेषेबाहेर ढकललं की 1 गुण. नुसतं टाळत राहिलं तर पंच आधी ताकीद देतात आणि मग गुणही जातो. 10 गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती तिथंच संपते. म्हणजे केव्हा झडप घालायची आणि केव्हा शक्ती राखायची, हे डोक्यानंच ठरवावं लागतं.

दोन्ही बाजू पटण्यासारख्या होत्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून हळूच आवाज आला. तो हरलेला मुलगाच बोलत होता. "बाई, दुसरी कुस्ती झाली तसंच मला तिसरीला उभं केलं. मी पाणीसुद्धा प्यालो नव्हतो."

वर्ग एकदम गप्प झाला. मीही. कारण मी तिथंच होते, मुलांनो. त्याची छाती भात्यासारखी वर-खाली होत होती, ते मला दिसत होतं. तरी मी नुसत्या टाळ्या वाजवत राहिले.

मग मी त्यांना खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचा हा पैलवान 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेला. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. पुढे गाठ पडली जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामादबेयोव यांच्याशी. एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना दुसरीसाठी बोलावणं आलं. दोन कुस्त्यांमध्ये निदान 30 मिनिटं विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम पंचांपुढे मांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता! थकलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले. तरीही त्यांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आता सांगा, खाशाबांना दम कमी होता? की डाव येत नव्हते? दोन्ही होतं. नव्हतं ते त्यांच्या बाजूनं "थांबा, याला विश्रांती द्या" म्हणणारं माणूस.

आमचा वादविवाद बरोबरीत सुटला. मी मात्र सर्वांसमोर त्या मुलाला म्हटलं, "चुकलंच माझं. पुढच्या यात्रेत मी तुझ्या बाजूला पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहीन." तो हसला. मग मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर येऊन बसला.

करून पाहा : एक मिनिट दोरीवरच्या उड्या मारा. श्वास पहिल्यासारखा व्हायला किती वेळ लागतो, ते घड्याळात बघून वहीत लिहा. मग लगेच, न थांबता, पुन्हा एक मिनिट उड्या मारून बघा. दुसऱ्या वेळी किती उड्या कमी झाल्या? तो आकडा लक्षात ठेवा. आणि पुढच्या वेळी कुणी हरलं, की हसण्याआधी त्याला एकच विचारा : "पाणी प्यालास का रे?"