कचऱ्याचाही हिशेब मुलांना शिकवू या

रमजान हा हिशेबाचा महिना आहे. जकात काढताना आपण वर्षभर साठलेल्या बचतीचा अडीच टक्के हिस्सा मोजतो. ईदच्या नमाजाआधी घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे फितरा देतो. सहरी आणि इफ्तारची वेळ तर मिनिटावर पाळतो. एवढ्या काटेकोर महिन्यात एक वस्तू मात्र कोणी मोजत नाही, ती म्हणजे रात्री दाराबाहेर ठेवलेली कचऱ्याची बादली. कलिंगडाच्या साली, उरलेली भजी, अर्धवट प्यालेले सरबत, प्लास्टिकचे ग्लास यांनी ती या दिवसांत लवकर भरते.

प्राथमिक शाळेतल्या मुलांना घरचा कचरा कमी करायला शिकवायचे असेल, तर त्यासाठी हाच महिना योग्य आहे. शाळेत हा विषय नाही असे नाही. पर्यावरण शिक्षण सक्तीचे करावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्येच दिला होता. आपल्याकडे तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ आहे. पण प्रत्यक्षात होते काय? घोषवाक्ये पाठ होतात, चित्रे रंगवली जातात आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धा भरते. तिच्यासाठी पालक दुकानातून चमकीचा कागद, डिंक, रंग विकत आणतात. तयार झालेली फुलदाणी आठवडाभर कपाटावर राहते आणि मग बादलीतच जाते. कचरा सजवता येतो, एवढेच मूल त्यातून शिकते. तो मुळात होऊच नये, हा धडा राहून जातो.

हा धडा द्यायला फार साधने लागत नाहीत. एक वजनकाटा आणि एक वही पुरे. तिसरी-चौथीच्या मुलांना ग्रॅम आणि किलो कळतात. त्यांनी आठवडाभर घरच्या कचऱ्याचे तीन रकाने करावेत. पहिल्यात खाता आले असते असे अन्न. दुसऱ्यात साली, देठ, खजुराच्या बिया. तिसऱ्यात पिशव्या, खोकी, ग्लास, वेष्टने. गणिताच्या तासाला बेरीज करावी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात घराघरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते. त्यात सालीही धरल्या आहेत. पाच माणसांच्या घराचा हिशेब आठवड्याला पाच किलोंच्या वर जातो. आपले घर यात कुठे बसते, हे मुलाला स्वतःच काढू द्यावे.

मग प्रत्येक रकान्याचा प्रश्न वेगळा. दुसरा रकाना कोणाचा दोष नाही, कलिंगडाला साल असणारच. तिचे खत होऊ शकते. तिसऱ्यासाठी विचारावे, ही वस्तू घरात येणे गरजेचे होते का? पहिला रकाना मात्र शून्याकडे जायला हवा. कुरआनने ज्याला इस्राफ म्हटले, ती उधळपट्टी नेमकी या रकान्यात दिसते. उपाशीपोटी बाजारात गेलेला माणूस पोटापेक्षा डोळ्यांनी जास्त खरेदी करतो, हे आकडे पाहून आठ वर्षांच्या मुलालाही उमगेल. रमजानच्या पहिल्या आठवड्यात एका कुंडीत केळ्याची साल आणि दुसरीत प्लास्टिकची पिशवी पुरावी. ईदनंतर दोन्ही उकरून पाहाव्यात. त्यावर निबंध लिहून घेण्याची गरज उरणार नाही.

दोन गोष्टी शिक्षकांनी सांभाळायला हव्यात. एक, घराघरांची तुलना नको आणि बक्षीस तर नकोच. एखाद्या घरची बादली रिकामी असते ती शिस्तीमुळे नव्हे, तर आणायलाच पैसे नसतात म्हणून. त्या मुलाचा आकडा फळ्यावर लिहून त्याला वर्गासमोर उभे करणे हा अन्याय होईल. प्रत्येक घराची तुलना त्याच घराच्या मागच्या आठवड्याशी करावी. दोन, मुलाला आईवरचा पहारेकरी करू नये. रोजा ठेवून दुपारपासून चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईला मुलाने वही दाखवून जाब विचारावा, यात शिक्षण नाही. इफ्तारसाठी गरजेपेक्षा दुप्पट फळे आणणाऱ्या वडिलांचाही या हिशेबात वाटा आहे.

कोणी म्हणेल, कचऱ्याचे डोंगर कारखाने आणि मोठी हॉटेले करतात, चिमुकल्यांच्या डोक्यावर हे ओझे कशाला? आक्षेप खोटा नाही. ओला-सुका कचरा वेगळा देण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घरांवर घातले, पण अनेक ठिकाणी वेगळा दिलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होतो. मुले हे पाहतात आणि प्रश्न विचारतात. त्यांना गप्प न बसवता त्यांचा प्रश्न नगरसेवकांपर्यंत पोहोचवणे हे मोठ्यांचे काम आहे. पण मोजायला शिकलेले मूलच उद्या मोठ्यांकडे हिशेब मागू शकेल. शिवाय मिसळलेला कचरा हातांनी वेगळा करणाऱ्या बायकांचे काम आजच थोडे हलके होईल.

शाळेने शिकवलेले मशिदीच्या अंगणात पुसले जाऊ नये, एवढी काळजी आपण घ्यायला हवी. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटल्यांवर २०१८ पासून बंदी आहे, तरी सामूहिक इफ्तारनंतर त्या कोपऱ्यात साचलेल्या दिसतात. वडिलांचे बोट धरून आलेले मूल तेही बघते. मोहल्ल्याने वर्गणी काढून स्टीलची ताटे-पेले एकदाच घेतले तर वर्षानुवर्षे पुरतील. धुवायला तरुण आहेतच. अशा एका इफ्तारमधून मूल जे शिकेल, ते परिसर अभ्यासाच्या कोणत्याही पाठापेक्षा कमी नसेल.